कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं गाव

प्रति,
दक्षिण भारताच्या सहली नेणारे सर्व मराठी सहल संयोजक, टूर मॅनेजर आणि गाइड मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. चार वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर फिरलेय. पहाटे साडेचारला दारावर पडणारी थाप, मागाहून येणारा चहा, बसमधल्या सीटची रोजची अदलाबदल, दुपारी रामेश्वरमच्या धर्मशाळेत मिळालेलं आपलं पिठलं-भात, हे सगळं मी अनुभवलंय आणि त्याबद्दल तुमचे उपकारच आहेत. परमुलखात सासूबाईंना गरम भाकरी वाढणारा तुमचा स्वयंपाकी महाराज मला अजून आठवतो. तेव्हा हे पत्र तक्रारीचं आहे असं समजू नका. थोडी तक्रार आहे, पण ती कुणा एका कंपनीची नाही, म्हणून नावही लिहीत नाही. त्या तक्रारीत मी स्वतःही आहेच.

डिसेंबर २००४ मध्ये आम्ही सांगलीहून अकरा दिवसांच्या दक्षिण भारत सहलीला गेलो होतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. २५ तारखेला संध्याकाळी कन्याकुमारीला पोचलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती. दत्तजन्म खरा संध्याकाळचा, पण संध्याकाळी आपण बसमध्ये असणार म्हणून सासूबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणींनी सकाळीच हॉटेलच्या खोलीत फोटो मांडून आरती केली. आरती लांबली. टूर मॅनेजर जिन्यात घड्याळ बघत उभा. आमच्या गटातले निम्मे लोक पुढे होऊन पहिल्या बोटींनी विवेकानंद खडकावर गेलेसुद्धा. उरलेले आम्ही मागे राहिलो, बोटीच्या रांगेत.

रांग काही हलेना, म्हणून लेक शंख-शिंपल्यांच्या एका टपरीपाशी रेंगाळली. तिथे शिंपल्यावर नाव कोरून देतात, तुम्हाला माहीतच आहे. टपरीवाली बाई पन्नाशीची असेल. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. टोकदार सुईने तिने इंग्रजी अक्षरं कोरायला घेतली. तीन अक्षरं झाली असतील, तेवढ्यात लोक ओरडायला लागले, पण भीतीने नाही, गंमत वाटून. समुद्र मागे गेला होता. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. शेवाळ चमकत होतं आणि खडकांच्या खाचांतून पाणी घरंगळत होतं. मिस्टरांच्या कॅमेऱ्यात रोलचे सात-आठ फोटो शिल्लक होते. ते खाली उतरले. त्यांच्यासारखे बरेच उतरले.

ती बाई मात्र उठून उभी राहिली. तिने समुद्राकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी ओरडली. आम्हाला तमिळ कळत नव्हतं. तिने अर्धवट कोरलेला शिंपला लेकीच्या हातात कोंबला, तिच्या पाठीत जोरात धक्का दिला आणि पायऱ्यांकडे हात केला. मला त्या क्षणी तिचा राग आला होता, पोरीला ढकलते म्हणून.

ती त्सुनामी होती. पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. मिस्टर वर आले ते चप्पल एका पायात आणि कॅमेरा नाही असे. आम्ही गल्लीतून वर पळालो ते हॉटेलच्या गच्चीवर जाऊन थांबलो. शेजारच्या खडकावरचा तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा पुतळा चौथऱ्यासकट १३३ फूट उंच. त्याच्या अंगावर पाणी उडताना गच्चीवरून दिसत होतं. खडकावर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांत आमचे वीस-बावीस जण. त्यांना पुढे काठावर आणायला मासेमारीच्या बोटी गेल्या. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं सहज बोलायचे, ‘बोटी गेल्या’. बोटी आपण होऊन जात नाहीत. ज्यांच्या वस्त्यांत त्याच सकाळी पाणी शिरलं होतं, त्या समाजाची माणसं त्या बोटी घेऊन आपल्या लोकांना आणायला गेली होती.

आमच्या गटातलं कुणीही दगावलं नाही. संध्याकाळी बस मदुराईकडे निघाली तेव्हा टूर मॅनेजरने माइक हातात घेऊन सांगितलं, की दत्तगुरूंच्या कृपेने आपण सगळे सुखरूप आहोत आणि उद्याचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मीनाक्षीचं दर्शन झालं आणि दुपारी साड्यांची खरेदी. मी एक आकाशी सुंगडी घेतली. ती अजून कपाटात आहे आणि चांगली टिकली आहे, हे लिहिताना बोट अडखळतं.

घरी आल्यावर आमची गोष्ट तयार झाली. आरती लांबली म्हणून वाचलो, ही ती गोष्ट. हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ती पंधरा-सोळा वर्षं सांगितली. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यालाही सांगितली. त्या सहल कंपनीनेही पुढे आपल्या जाहिरातीत ‘त्सुनामीतही आमच्या एकाही पर्यटकाच्या केसाला धक्का लागला नाही’ अशी ओळ टाकली होती. मी ते कात्रण कौतुकाने जपून ठेवलं होतं. या सगळ्या सांगण्यात मेलेलं माणूस एकही नव्हतं. गोष्ट समुद्राची होती आणि आमची होती.

लॉकडाऊनमध्ये लेक बंगळुरूहून घरी येऊन राहिली होती. एके दिवशी तिने विचारलं, ‘आई, तिथे गेले किती गं?’ मी सांगून टाकलं, खूप गेले. ‘कन्याकुमारीत?’ मला सांगता येईना. मग आम्ही दोघी बसून वाचत गेलो. मला आजवर वाटायचं की मेले ते सगळे तिकडे नागपट्टिणमला. खरं आहे, तमिळनाडूत गेलेल्या सुमारे आठ हजारांपैकी सहा हजारांहून जास्त एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातले. पण कन्याकुमारी जिल्ह्यातही आठशेच्या आसपास माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त कोलाचेल या एका गावात आणि त्याच्या आसपास. आपण पद्मनाभपुरमचा राजवाडा बघायला जातो ना, तिथून बस थोडी समुद्राकडे वळवली की कोलाचेल.

मंडळी, मला तुमच्याशी बोलायचंय ते या गावाबद्दल.

तुमचे काही गाइड कोलाचेलचं नाव घेतातही. १७४१ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने डचांना तिथे हरवलं, त्याचा विजयस्तंभ तिथे आहे, वगैरे. ते सांगावंच. पण त्याच किनाऱ्यावर चारशेहून जास्त माणसं एकत्र पुरलेली आहेत, हे मी एकाही मराठी गाइडच्या तोंडून ऐकलेलं नाही. सुचिंद्रमच्या देवळाच्या अंगाने जाणारी पळयार नदी मणक्कुडीला समुद्राला मिळते. तिथे दोन काठांवर दोन गावं आहेत, कीळ म्हणजे खालचं आणि मेल म्हणजे वरचं मणक्कुडी. त्यांना जोडणारा पूल लाटेने उखडून नेला होता. तिथेही शंभराहून जास्त जणांची एकत्र दफनभूमी आहे. सुचिंद्रमला आपण जातोच, संगीताचे खांब वाजवून बघतो, अठरा फुटी हनुमानाला नमस्कार करतो आणि परत बसमध्ये बसतो.

२०२४ च्या डिसेंबरात, वीस वर्षं होत होती म्हणून, आम्ही दोघी मायलेकी कोणत्याही कंपनीशिवाय तिकडे गेलो. लेकीला कामापुरतं तमिळ येतं. नागरकोइलला उतरून रिक्षावाल्याला कोलाचेल म्हटलं आणि पुढे काय सांगायचं ते सुचेना. शेवटी लेक नुसतं ‘सुनामी’ म्हणाली. त्याने मान हलवली. तमिळमध्ये याला एक सुंदर शब्दही आहे, आळिप्पेरलै, समुद्राची थोरली लाट. पण त्या किनाऱ्यावर लहान पोरालाही सुनामीच कळतं. आपल्याकडे या शब्दाचं काय झालं बघा. मतांची त्सुनामी, कांद्याच्या भावाची त्सुनामी, सोशल मीडियावर मीम्सची त्सुनामी. मीही वर्गात गैरहजेरीची त्सुनामी म्हटलेलं आहे.

तिथे बायका आल्या होत्या, पुरुष होते, वीस वर्षांपूर्वी जन्मलेलीही नसतील अशी पोरं होती. फुलं, मेणबत्त्या, प्रार्थना. मोठ्याने रडणं फारसं नव्हतं. एक म्हातारी जमिनीवर तळहात टेकून बसली होती. झोपलेल्या पोराच्या अंगावर आपण ठेवतो तसा. तिने आम्हाला पाहिलं आणि लेकीला विचारलं, कुठून आलात. लेक म्हणाली, महाराष्ट्रातून. तुमचं कोण गेलं? कुणी नाही. ‘मग?’ असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तीच ती गोष्ट रंगवून सांगणारी मी, मला तिथे एक वाक्य बोलता आलं नाही. म्हातारीने तिच्याजवळच्या जुडग्यातली एक मेणबत्ती काढून माझ्याकडे दिली आणि स्वतःच्या मेणबत्तीवर पेटवून घ्यायची खूण केली. वाऱ्याने ती दोनदा विझली.

शेजारच्या एकाने लेकीला दाखवलं, त्या दिवशी लोक कुठून कुठे पळाले ते. रविवार होता, त्यात नाताळचा दुसरा दिवस. वस्ती ख्रिस्ती कोळ्यांची, त्यामुळे माणसं घरीच होती. पाणी आलं तशी ती गावाच्या आतल्या बाजूला धावली आणि वाटेत आडवा आला ए. व्ही. एम. कालवा. संस्थानच्या काळात बोटींच्या वाहतुकीसाठी किनाऱ्याला समांतर खणलेला हा कालवा, पुढे गाळाने भरलेला. समुद्रापासून सुटलेले कितीतरी जण या कालव्याच्या चिखलात अडकले आणि मागून आलेल्या पाण्याने तिथेच गेले. ज्याने हे सांगितलं त्याने कालव्याकडे बोट केलं नाही, हनुवटीने दाखवलं.

आता माझं मागणं. मागणं मोठं नाही. तुमच्या कन्याकुमारीच्या दिवसात ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ दीड तास असतो. तो ठेवा, आम्हाला लागतो. पण पद्मनाभपुरमच्या दिवशी एक तास कोलाचेलसाठी काढा. तेही जमत नसेल तर सुचिंद्रमहून मणक्कुडीला जाऊन या. तेवढाही वेळ नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर निदान कन्याकुमारीतल्या त्सुनामी स्मारकापाशी बस थांबवा. एक हात लाट अडवतोय आणि दुसऱ्या हातात दिवा आहे, असं ते स्मारक आहे. त्रिवेणी संगमाला जाताना त्याच्या बाजूने आपण दरवेळी जातो. २००४ नंतर मी दोनदा सहलीबरोबर तिथे गेले. एकदा ते ‘आधुनिक शिल्प’ म्हणून दाखवलं गेलं आणि एकदा त्याच्या सावलीत आम्हाला ताक वाटण्यात आलं.

वेळ काढता येत नाही हे मला पटत नाही, कारण काढता येतो हे मी पाहिलंय. विवेकानंद खडक आणि तिरुवल्लुवर यांना जोडणारा ७७ मीटरचा काचेचा पूल ३० डिसेंबर २०२४ ला सुरू झाला. आम्ही परतलो त्यानंतर दोनच दिवसांनी. पुढच्या हंगामाच्या तुमच्या पत्रकांवर तो पूल पहिल्या पानावर होता!

आणि बसमध्ये माइकवर पाच मिनिटं बोला. काय बोलायचं, ते मी शिक्षिकेच्या खोडीने लिहून देते. त्या दिवशी सकाळी आपल्या घड्याळात साडेसहा वाजायला एक-दोन मिनिटं असताना इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली भूकंप झाला. तीव्रता ९.१. समुद्रतळाचा हजार-बाराशे किलोमीटरचा पट्टा उत्तरेकडे अंदमानपर्यंत फाटत गेला. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने जाते आणि वरून जाणाऱ्या जहाजाला कळतही नाही, किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की ती उंच होते. कन्याकुमारीच्या आणि सुमात्राच्या मध्ये श्रीलंका आहे, तरी लाट बेटाला वळसा घालून आली आणि पुढे केरळातही गेली. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांवर माणसं गेली, भारतात मृत आणि बेपत्ता मिळून सोळा हजारांहून जास्त. भूकंप झाला तेव्हापासून कन्याकुमारीला पाणी येईपर्यंत सुमारे तीन तास गेले. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ त्याआधीच उद्ध्वस्त झाला होता. या तीन तासांत किनाऱ्यावरच्या कोळिणीला सांगायला कुणी गेलं नाही, कारण सांगण्याची व्यवस्थाच नव्हती. ती झाली २००७ मध्ये, हैदराबादला, इन्कॉइस या संस्थेत. आज असा भूकंप झाला तर काही मिनिटांत इशारा निघतो.

पण इशारा तुमच्या पन्नास माणसांपर्यंत पोचेल तो टूर मॅनेजरच्या मोबाइलवर, पोचलाच तर. म्हणून आणखी एक वाक्य बोला. समुद्र अचानक मागे हटला तर बघायला खाली उतरायचं नाही, लगेच उंचावर जायचं, आणि पहिली लाट ओसरली म्हणून परत यायचं नाही, कारण पुढची मोठी असू शकते. हे वाक्य आमच्या मॅनेजरला माहीत असतं तर मिस्टर फोटो काढायला उतरले नसते. त्याला कसं माहीत असणार? त्या सकाळी ते माहीत असलेली एकच बाई माझ्या पाहण्यात आली आणि तिची भाषा मला येत नव्हती.

सुमात्राच्या शेजारी सिमेलू नावाचं बेट आहे, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. वस्ती सत्तर-पंचाहत्तर हजारांची, मेली सात माणसं. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट येऊन पुष्कळ लोक गेले होते. त्यांची आठवण लोकांनी ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि आजीच्या गाण्या-गोष्टींत धरून ठेवली होती. जमीन हलली, पाणी मागे गेलं, कुणीतरी स्मोंग म्हणून ओरडलं आणि सगळे डोंगरावर. आपल्याकडे ओव्या काय कमी आहेत? पण २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या, म्हणजे आताच्या पाकिस्तानच्या किनाऱ्याकडच्या, भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि इथलीही माणसं वाहून गेली होती, हे मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर वाचलं.

तुमच्या बाकीच्या सहलींचंही बघा. तुम्ही श्रीलंकेला रामायण सहल नेता. गॉलला जाताना पेरालियाला रस्त्याला लागूनच रूळ आहेत. त्या रुळांवर लाटेने अख्खी आगगाडी उचलून टाकली आणि दीड हजारांहून जास्त माणसं गेली. जगातला सगळ्यात मोठा रेल्वे अपघात तो. जवळच जपानी मदतीतून उभारलेला उंच बुद्ध आहे. बस कासवांच्या केंद्रापाशी अर्धा तास थांबते आणि बुद्धाचा फोटो खिडकीतून निघतो. अंदमानला सावरकरांच्या कोठडीपुढे आपण सगळे डोळे पुसतो, पुसलेच पाहिजेत. पण त्याच बेटांच्या दक्षिण टोकाला, निकोबारमध्ये, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मृत नाहीतर बेपत्ता झाली, हे तिथल्या बसमध्ये कुणी बोलत नाही. निकोबारला पर्यटकांना जाता येत नाही, बोलता तर येतं.

तुम्ही म्हणाल, ताई, लोक मजा करायला येतात, पैसे भरून रडायला कोण येईल? खरं आहे. मीही मजा करायलाच यायचे. पण विवेकानंद स्मारक उभारणाऱ्या एकनाथजी रानड्यांचं नाव खडकावर पाऊल ठेवताना तुम्ही किती अभिमानाने घेता, आपल्या अमरावतीकडचा माणूस म्हणून. लोक कान देऊन ऐकतात, टाळ्या वाजवतात. त्याच खडकावरून एका रविवारी आपल्या माणसांना ज्यांनी परत आणलं, त्यांच्या गावात जायला लोक नाही म्हणतील असं मला वाटत नाही. विचारून तर बघा. दहा जण बसमध्ये बसून राहतील, राहू देत.

टपरीवाल्या बाईला मी २०२४ मध्ये शोधलं. जागा बदललेल्या, टपऱ्या नव्या, बसलेली माणसं तरुण. कुणाला काय विचारणार? नाव मला माहीत नाही. तिच्या सुईने आमच्या पोरीचं अर्धं नाव लिहिलं, आम्ही तिला तिचं विचारलं नाही. शिंपल्याचे पैसेही द्यायचे राहिले. दहा रुपये ठरले होते.

यंदाची पत्रकं छापायला जाण्याआधी एवढं मनावर घ्यावं. २६ डिसेंबरलाच जायला हवं असं काही नाही, त्या दिवशी तिथल्या लोकांना त्यांची माणसं भेटू द्यावीत. एरवी कधीही गेलात तर फुलं-मेणबत्त्या सांगलीहून नेऊ नका, गावातल्या दुकानातून घ्या. काडेपेटी मात्र जवळ ठेवा आणि दोन ठेवा, तिथे वारा फार असतो.

आपली,
एक जुनी प्रवासी, सांगली